जुन्या हॉलिवूडचे नायक : कुठून धरावेत, कसे बघावेत

'जगातले शंभर सर्वोत्तम चित्रपट' छापाची यादी घेऊन जुनं हॉलिवूड बघायला बसलेली बरीच माणसं चार-पाच चित्रपटांतच गळतात. दोष त्यांचा नाही, यादीचा आहे. ती आज १९४१ मध्ये नेते, उद्या १९२५ मध्ये, परवा आणखी भलतीकडे. सोबतीला ओळखीचा चेहरा नाही, चित्र काळं-पांढरं आणि इंग्रजी झपाझप बोललेलं. मग माणूस हळूच मोबाइल काढतो आणि 'जुने पिक्चर संथ असतात' असं म्हणून मोकळा होतो.

त्यापेक्षा एक नट धरा. कॅरी ग्रँट, जेम्स स्टुअर्ट, हम्फ्री बोगार्ट, जो आवडेल तो. त्याचे तीन चित्रपट लागोपाठ बघा आणि मगच दुसऱ्याकडे वळा. त्या काळचा धंदाही याच अंगाने चालायचा. साधारण १९३० ते १९५० या काळात एमजीएम, वॉर्नर, पॅरामाउंट, फॉक्स या स्टुडिओंकडे नट पगारी नोकर असत. करार सात वर्षांपर्यंतचा, पण मध्येच तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवणार स्टुडिओ. भूमिका नाकारली की बिनपगारी घरी बसायचं, आणि ते घरी बसलेले दिवस कराराच्या शेपटीला जोडले जायचे. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड या नटीने वॉर्नरला कोर्टात खेचलं तेव्हा कुठे १९४४ मध्ये ही शेपूट तुटली. नट हातात असले की त्यांच्या मापाच्या गोष्टी लिहून घेतल्या जात. प्रेक्षकही 'गेबलचा पिक्चर लागलाय' म्हणूनच तिकीट काढत. दिग्दर्शकाचं नाव बहुतेकांना ठाऊक नसे.

बसण्याआधी

सबटायटल्स लावा, इंग्रजीच लावा, आणि त्यात कमीपणा मानू नका. १९३०-४० च्या विनोदी चित्रपटांत दोन-दोन माणसं एकाच वेळी बोलतात. अमेरिकेत वाढलेल्यांचीही त्यात दमछाक होते.

१९५३ च्या आधीचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, त्यामुळे आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. त्या दिसू द्या. रिमोटवरून चित्र ताणून पडदा भरलात तर कॅरी ग्रँट आडवा सुटलेला दिसेल, आणि ते पाप तुमच्या माथी. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सेटिंग असते (प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते). तीही बंद करा, नाहीतर १९४२ चा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

रंगवलेल्या प्रतींपासून लांब राहा. १९८० च्या दशकात काही कृष्णधवल चित्रपटांना कॉम्प्युटरने रंग फासायची टूम निघाली होती. 'कासाब्लांका' आणि 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हे दोन्ही त्यात सापडले. चेहरे पिवळट, भिंती पिस्त्याच्या, आणि प्रकाशयोजनेची पार माती. ऑनलाइन शोधताना थंबनेल रंगीत दिसलं की पुढे सरका. तसंच 'हिज गर्ल फ्रायडे' आणि 'शराड' यांचे अमेरिकेतले हक्क कागदोपत्री चुकांमुळे सुटलेले असल्याने त्यांच्या प्रती जिकडेतिकडे फुकट सापडतात, पण निम्म्याअधिक धुरकट आणि फाटक्या आवाजाच्या. दुरुस्त केलेली, स्वच्छ प्रत मिळेपर्यंत थांबलात तर फायद्यात राहाल.

घरात ऐंशीच्या आसपासचं कोणी असेल तर त्यांनाही गाठा. मुंबईचं मेट्रो तर एमजीएमनेच १९३८ मध्ये बांधलेलं थिएटर. रिगल, इरॉस आणि पुण्याच्या कॅम्पातलं वेस्ट एंड इथे हे सगळे नट नियमाने पडद्यावर यायचे. आजोबांना दिग्दर्शक आठवणार नाही. ग्रेगरी पेक मात्र आठवेल.

पहिला चित्रपट

माझं मत पक्कं आहे: 'इट हॅपन्ड वन नाइट', १९३४, क्लार्क गेबल. लांबी पावणेदोन तास, गोष्ट आधीच ओळखीची. घरातून पळालेली श्रीमंताची लेक, बसमध्ये भेटलेला नोकरी गेलेला पत्रकार, वाटेतली भांडणं. राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' (१९५६) आणि आमिर खानचा 'दिल है के मानता नहीं' (१९९१) या दोघांचं मूळ हेच. कथा ठाऊक असल्यामुळे तुमचं सगळं लक्ष नटावर राहील, आणि नवशिक्याला तेच हवं.

गेबल होता एमजीएमचा. कोलंबिया या तेव्हाच्या धाकट्या स्टुडिओला त्यांनी तो या चित्रपटापुरता उसना दिला. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा असे पाचही मोठे ऑस्कर या चित्रपटाने नेले. आता या मोठेपणाला बाजूला ठेवून सकाळच्या न्याहारीचा प्रसंग बघा. क्लॉडेट कोल्बर्ट डोनट कॉफीत बुडवून बसते, आणि गेबल तिला ते कसं बुडवायचं याची शिकवणी देतो: फार वेळ नाही, टेकवायचं की लगेच तोंडात. आपल्याकडे खारी चहात बुडवून ठेवणाऱ्याला घरातलं कोणीतरी हेच ऐकवतं. प्रसंगात घडत काहीच नाही. पण शिकवताना गेबल तिच्याकडे बघत नाही, आपल्या कॉफीकडे बघत बोलतो, आणि माणूस प्रेमात पडायला लागलाय हे तेवढ्यावरून कळतं.

हे हातचं राखून खेळणं म्हणजेच त्या काळच्या नायकाचा अभिनय. ते एकदा दिसायला लागलं की पुढचं सगळं सोपं आहे.

एन्ट्री आणि ऐकणं

प्रत्येक चित्रपटात दोन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, नायकाची एन्ट्री. आपल्याला शिट्ट्यांची सवय, त्यामुळे इथल्या एन्ट्र्या सुरुवातीला निसटतात. 'कासाब्लांका'त बोगार्टबद्दल सगळे बोलत असतात, पण तो दिसत नाही. मग एक हात येतो. तो कागदावर 'ओके, रिक' अशी सही करतो. मग बुद्धिबळाचा पट, पेला, सिगरेट, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. हा माणूस पैशाला होकार-नकार देतो, एकटाच खेळतो आणि कोणाची वाट बघत नाही, एवढं त्याने तोंड उघडण्याआधीच सांगून झालेलं असतं.

हिचकॉकच्या 'नटोरियस'मध्ये (१९४६) तर कॅरी ग्रँट पाठमोराच भेटतो. पार्टी चालू आहे, इन्ग्रिड बर्गमन बोलतेय, आणि पडद्याच्या पुढच्या बाजूला एका पुरुषाचं काळं डोकं. जगातल्या सर्वांत देखण्या म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला आणायचं आणि त्याचं तोंडच दाखवायचं नाही! पुढे चित्रपटभर हा माणूस मनातलं काही दाखवत नाही. त्याची सूचना पहिल्या मिनिटालाच मिळालेली असते. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मधला (१९५७) हेन्री फोंडाही ज्यूरीच्या खोलीत शिरल्यावर खिडकीशी, खोलीकडे पाठ करून उभा असतो, आणि बाकीच्यांना त्याला हाक मारून टेबलाशी बोलवावं लागतं. याच्या अगदी उलटी 'स्टेजकोच'मधली (१९३९) जॉन वेनची एन्ट्री. रायफल हातात गर्रकन फिरवून तो उभा राहतो आणि कॅमेरा थेट त्याच्या तोंडावर धावून जातो, इतका झपकन की मध्ये क्षणभर चित्र धूसर होतं. तो धूसर तुकडा त्यांनी तसाच ठेवला. या एन्ट्रीला शिट्टी वाजवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, ऐकणं. समोरचा बोलत असताना नायकाकडे बघा. अर्न्स्ट लुबिशच्या 'द शॉप अराउंड द कॉर्नर'मध्ये (१९४०) बुडापेस्टमधल्या एका दुकानात काम करणारे दोघे एकमेकांना निनावी प्रेमपत्रं लिहीत असतात आणि समोरासमोर मात्र भांडत असतात. कॅफेतल्या प्रसंगात स्टुअर्टला कळून चुकलेलं असतं की ती हीच. तिला पत्ताही नाही. ती त्याला फालतू कारकून ठरवून मोकळी होते. तो ऐकतो. चेहऱ्यावर अपमान, दया आणि प्रेम एकदमच, तेही ओठ जेमतेम हलवून. हा प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघा, दुसऱ्यांदा फक्त त्याच्याकडे.

तीन-तीनचा हिशेब

प्रत्येक नटाचे तीन चित्रपट निवडताना एक हलकाफुलका, एक काळोखा आणि एक उतरत्या वयातला असा घ्या. प्रेक्षकाच्या मनातली नटाची प्रतिमा पहिल्यात तयार होते, दुसऱ्यात मोडते, आणि तिसऱ्यात तो स्वतःच तिच्याशी खेळतो.

ग्रँट या हिशेबात चपखल बसतो, म्हणून आधी त्याच्याकडे. हा मूळचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा आर्चिबाल्ड लीच, जन्म १९०४. पोरवयात कसरतपटूंच्या टोळीत शिरला आणि १९२० मध्ये त्यांच्याबरोबर अमेरिकेला आला. ही कसरत कायम लक्षात ठेवा. 'द ऑफुल ट्रूथ' (१९३७) मध्ये तो घटस्फोट घेऊ घातलेल्या बायकोच्या मागावर एका गाण्याच्या बैठकीत घुसतो. आपण भलतंच समजलो हे कळल्यावर मागे निमूट खुर्चीत बसतो, खुर्ची मागे रेलते, आणि मग सावकाश, टप्प्याटप्प्याने, टेबलासकट सगळं कोसळतं. आयरीन डन गातच असते, आणि तिची शेवटची तान हसण्यात विरते. असं पडायला कसरत लागते. पण पडताना सुटाची घडी मोडल्याचं दुःख चेहऱ्यावर दाखवणं ही ग्रँटची स्वतःची भर. गंमत म्हणजे दिग्दर्शक लिओ मॅकॅरी सेटवर ऐनवेळी प्रसंग रचायचा, त्याने ग्रँट इतका धास्तावला की पदरचे पैसे भरून चित्रपटातून सुटायला तयार होता. सुटला असता तर पुढचा ग्रँट कदाचित झालाच नसता.

काळोखा म्हणजे अर्थातच 'नटोरियस'. जिच्यावर प्रेम आहे तिलाच हेरगिरीसाठी दुसऱ्या पुरुषाच्या घरात पाठवणारा सरकारी माणूस. 'द ऑफुल ट्रूथ'मधला सगळा मिश्कीलपणा इथे गोठलेला आहे. त्यातलं लांबलचक चुंबन प्रसिद्ध आहे, आणि त्यामागे एक खोडी आहे. तेव्हाच्या नीतिनियमांमुळे चुंबन तीन सेकंदांपलीकडे जाऊ द्यायचं नाही असा दंडक होता. हिचकॉकने दोघांना दर दोन-तीन सेकंदांनी ओठ बाजूला करायला लावले, मध्ये जेवणाच्या गप्पा, मध्ये टेलिफोन, आणि प्रकरण अडीच मिनिटं चाललं. नियम एकही मोडला नाही, आणि सेन्सॉरला हवं होतं त्याच्या नेमकं उलटं झालं.

तिसरा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९). ग्रँट पंचावन्नचा, अंगावर राखाडी सूट, मागे विमान. त्याच्या आईचं काम करणारी जेसी रॉइस लँडिस त्याच्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी होती, आणि तरी तो तिच्यासमोर शाळकरी पोर वाटतो. माळरानावरच्या त्या प्रसंगात विमान येण्याआधी बराच वेळ तो नुसता रस्त्याकडेला उभा असतो. उभं राहण्यातही विनोद असतो हे तिथे बघा.

स्टुअर्टला हा हिशेब जरा वाकवावा लागतो, कारण त्याच्या बाबतीत काळोख वयाबरोबरच आला. 'शॉप अराउंड द कॉर्नर' झाला की 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) घ्या. दोहोंच्या मध्ये महायुद्ध आहे. स्टुअर्ट १९४१ मध्ये सैन्यात भरती झाला, बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक म्हणून युरोपात वीस मोहिमांवर गेला आणि कर्नल होऊन परतला. परतल्यावरचा हा पहिला चित्रपट. लोक याला नाताळचा गोड चित्रपट म्हणतात. मला तो गोड वाटत नाही. गुत्त्यात बसून देवाचा धावा करणारा तो कोसळलेला माणूस बघा. १९४० च्या स्टुअर्टला हे जमलं नसतं. प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट पैशाच्या बाबतीत आपटला होता. पुढे १९७४ मध्ये हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्हीवाल्यांना तो फुकट दाखवता यायला लागला, आणि दर डिसेंबरला दाखवून-दाखवून त्यांनी तो अमर केला.

मग 'रिअर विंडो' (१९५४). पायाला प्लास्टर, चाकाची खुर्ची, आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या. नायकाला उठताही येत नाही. सगळा चित्रपट चेहऱ्यावर. प्लास्टरच्या आत खाज सुटते तेव्हा लांब काडी आत सरकवून तो खाजवतो. ते सुख ज्यांचा पाय कधी प्लास्टरमध्ये होता त्यांनाच कळेल. आणि शेवटी 'व्हर्टिगो' (१९५८). एका बाईला दुसऱ्या बाईसारखं सजवायच्या वेडाने झपाटलेला पन्नाशीचा पुरुष, आणि तो कोण, तर सगळ्या अमेरिकेचा लाडका जिमी स्टुअर्ट! हा पहिलाच बघितलात तर तो फक्त विचित्र वाटेल. आधीचे तीन बघून आलात तर अंगावर येईल. नट ओळीने बघण्याचा फायदा विचाराल तर तो हा.

बोगार्टसाठी सरळ 'कासाब्लांका' (१९४२) घ्या. चाळिशीपर्यंत तो वॉर्नरकडे दुय्यम गुंड रंगवत होता. जॉर्ज राफ्टने नाकारलेल्या 'हाय सिएरा' आणि 'द मॉल्टीज फाल्कन' या दोन भूमिका १९४१ मध्ये त्याच्याकडे आल्या आणि नशीब पालटलं. 'मॉल्टीज फाल्कन'मधला एक क्षण जरूर शोधा. गुंडाच्या खोलीत तो पेला आपटून, तडतड बोलून बाहेर पडतो. बाहेर बोळात आल्यावर स्वतःच्या हाताकडे बघतो. हात थरथरतोय. तो हसतो. एवढंच. हा राग खरा होता की सोंग, आणि थरथर भीतीची की मजेची, हे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनने उलगडून सांगितलेलं नाही.

'कासाब्लांका'त जर्मन अधिकारी गात असताना फ्रेंच राष्ट्रगीत वाजवायला वादक परवानगी मागतात, तेव्हा बोगार्ट नुसती मान हलवतो. संवाद नाही. त्या प्रसंगातले गाणारे बरेच चेहरे खरोखरच हिटलरपासून पळून आलेल्या युरोपीय नटांचे आहेत, आणि चित्रीकरण चालू असताना पॅरिस जर्मनांच्याच ताब्यात होतं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी या हिशेबाने बघा. काळोख्यासाठी 'इन अ लोनली प्लेस' (१९५०): रागावर ताबा नसलेला पटकथालेखक, ज्याने खून केला असेल असं प्रेक्षकालाही वाटू लागतं. बोगार्टच्या स्वतःच्या कंपनीचा चित्रपट, म्हणजे आपली प्रतिमा त्याने स्वतःच्या पैशाने खरवडली. आणि उतरत्या वयातला 'द आफ्रिकन क्वीन' (१९५१), ज्यात तो पाणघोड्यांच्या नकला करतो. कॅथरीन हेपबर्न त्यावर हसते ते हसू बघण्यासारखं आहे.

पुढची फळी, थोडक्यात

गॅरी कूपरसाठी 'हाय नून' (१९५२). पंच्याऐंशी मिनिटांचा चित्रपट, आणि गोष्टही साधारण तेवढ्याच वेळात घडते. शूटिंगच्या काळात कूपरला अल्सरचा त्रास होता. चेहऱ्यावरचा शीण सगळाच अभिनयाचा नाही. हा माणूस इतका कमी अभिनय करतो की आधी वाटतं, नुसता उभाच आहे. गावातल्या एकेका दारावरून तो परत फिरतो तेव्हाची चाल बघत राहा.

फोंडाचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' बासू चटर्जींच्या 'एक रुका हुआ फैसला'मुळे (१९८६) आपल्याला परका नाही. दोन्ही बघितलेत तर कॅमेऱ्याकडेही लक्ष द्या: सिडनी लुमेटने सुरुवातीला तो नजरेच्या वर ठेवला आहे आणि हळूहळू खाली आणला आहे, त्यामुळे शेवटाकडे छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं.

स्पेन्सर ट्रेसीसाठी 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक' (१९५५), एक हात निकामी असलेला पाहुणा आणि गप्प बसलेलं गाव. त्यातली खाणावळीतली मारामारी चुकवू नका. ग्रेगरी पेकचा 'रोमन हॉलिडे' (१९५३) बघितल्याशिवाय देव आनंदची त्याच्याशी तुलना का व्हायची हे कळणार नाही. खोटं बोलणाऱ्याचा हात चावतं म्हणतात त्या दगडी तोंडात हात घालण्याच्या प्रसंगात पेकने हात बाहीत लपवला, आणि ते ऑड्री हेपबर्नला सांगितलं नव्हतं. तिची किंकाळी खरी आहे. फ्रेड ॲस्टेअरचा 'टॉप हॅट' (१९३५) बघताना कॅमेरा त्याचे पाय कधीच कापत नाही हे पाहा. नाचताना डोक्यापासून पायापर्यंत दिसलो पाहिजे, हा त्याचा हट्टच होता.

खटकेल ते खटकू द्या

काही गोष्टी बघवणार नाहीत. 'गुंगा दीन' (१९३९) मध्ये आपला लाडका कॅरी ग्रँट इंग्रजी फौजेचा सार्जंट आहे. वायव्य सरहद्दीचे डोंगर म्हणजे कॅलिफोर्नियातलं लोन पाइन, कालीभक्त म्हणजे खुनी ठग, आणि भिश्ती झालेला सॅम जॅफी तोंडाला काळं फासून. मुंबईत बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाने यावर झोड उठवली, आणि मुंबई व बंगाल प्रांतांत चित्रपटावर बंदी आली. नवशिक्याने यापासून सुरुवात करू नये, पण कधीतरी बघावा, तोही पटेलांचा राग मनात ठेवून.

नायक म्हातारा होतो आणि नायिका होत नाही, हेही दिसेल. 'हाय नून'मध्ये कूपर पन्नाशीचा, ग्रेस केली एकविशीची. 'शराड'च्या वेळी (१९६३) खुद्द ग्रँटलाच याची लाज वाटली. ऑड्री हेपबर्न त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मग पटकथेत फिरवाफिरव होऊन तिने त्याच्या मागे लागायचं असं ठरलं. तेवढ्याने पटकथा अधिकच गमतीची झाली.

आणि हे सगळे नायक गोरे का, असा प्रश्न पडेलच. मूकपटांच्या काळात, १९१५ च्या सुमारास, सेस्यू हायाकावा हा जपानी नट बायकांच्या गळ्यातला ताईत होता. १९३४ पासून कडक झालेल्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायलाच बंदी आली. सिडनी पॉटिये नायक म्हणून उभा राहीपर्यंत १९५० चं दशक उजाडलं, आणि प्रमुख नटाचं ऑस्कर घेणारा पहिला कृष्णवर्णीय होण्यासाठी १९६४ साल. 'गेस हूज कमिंग टु डिनर' (१९६७) मध्ये तो ट्रेसीच्या मुलीला मागणी घालतो. चित्रीकरणाच्या वेळी दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत असं लग्न कायद्यानेच बंद होतं. ट्रेसीचं हे शेवटचं काम. ते संपल्यावर काही दिवसांतच तो गेला.

कोणाला थांबवून ठेवावं

'गॉन विथ द विंड' सुरुवातीला नको. जवळजवळ चार तास, आणि त्यात गेबलपेक्षा व्हिव्हियन ली जास्त आहे.

मार्लन ब्रँडोही नको, पण कारण वेगळं. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१) आधी बघितलात तर ग्रँट-कूपर लाकडी वाटतील, आणि ते अन्यायाचं होईल. आधी दहा-बारा चित्रपट जुन्या पद्धतीचे बघा, त्या राखून बोलण्याची सवय होऊ द्या, आणि मग एका रात्री घामेजलेला, पुटपुटणारा, कोंबडी हाताने फाडून खाणारा ब्रँडो लावा. काय फुटलं ते तेव्हा कळेल. त्या वर्षीचं ऑस्कर ब्रँडोला हरवून बोगार्टने 'आफ्रिकन क्वीन'साठी नेलं. दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघून तुम्ही कोणाला दिलं असतं ते ठरवा. मी अजून बोगार्टच्या बाजूने आहे, पण दर वेळी थोडा कमी खात्रीने.

पुढचं पाऊल

इतके चित्रपट झाले की नायकाच्या शेजारचे चेहरे परत-परत दिसायला लागतील. पुढची यादी त्यांच्यावरून करा. 'नटोरियस' आणि 'कासाब्लांका'तला बुटकासा, गोड आवाजाचा क्लॉड रेन्स 'मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन'मध्ये स्टुअर्टसमोर आहे. तिथून त्याच्या मागे जाता येईल. पण माझ्या मते थॉमस मिचेलपासून सुरुवात करावी. १९३९ या एका वर्षात तो 'स्टेजकोच', 'गॉन विथ द विंड', 'मिस्टर स्मिथ', 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' अशा पाच चित्रपटांत आहे, आणि 'स्टेजकोच'मधल्या दारुड्या डॉक्टरसाठी त्याला ऑस्करही मिळालं. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये पैसे हरवून बसणारे बिली काका हेच, आणि 'हाय नून'मध्ये चर्चमध्ये उभं राहून कूपरचं तोंडभर कौतुक करून त्याला गाव सोडायला सांगणारे गृहस्थही हेच.